चकतीवरचं नाव

कणांच्या झोताने वर्षानुवर्षं झोडपलेल्या तांब्याच्या जुन्या ठोकळ्यातून दोन वर्षं खपून प्रयोगशाळेतल्या रेगुलाने किरणोत्सारी लोखंडाच्या द्रावणाचा एक थेंब मिळवला होता. ताऱ्यांच्या पोटात लोखंडाचं काय होतं हे त्यावरून मोजायचं होतं. थेंब नखाएवढ्या चकतीच्या मधोमध सोडायचा. घरंगळला तर दुसरा नाही. बंद काचपेटीला बसवलेल्या जाड हातमोज्यांत तिची बोटं थरथरत होती. डॉक्टरांनी महिन्यापूर्वी या थरथरीच्या दुखण्याचं नाव सांगितलं, तेव्हापासून तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. "बाईसाहेब, नऊच्या कॉफीला पोचायचंय का थेट पेन्शनला?" मागून सहकारी उर्स म्हणाला. "तूच सोड," म्हणत तिने हात बाहेर काढले. उर्स हसला, मग तिच्या बोटांकडे पाहून त्याने हातमोज्यांत हात घातले. त्याने सोडलेला थेंब बरोबर मधोमध बसला. चकतीच्या डबीवरच्या चिठ्ठीत बनवणाऱ्याच्या रकान्यात वीस वर्षांत पहिल्यांदा तिने दुसऱ्याचं नाव लिहिलं. अक्षरं वाकडीतिकडी आली. उर्सने ती दोनदा वाचली आणि चेष्टा केली नाही.