चुक्की

लाईट गेली आणि नवी पेठेतल्या छापखान्याचं मशीन थांबलं. शहात्तरचा उन्हाळा, भर दुपार. पण आत इतकं गप्प झालं, की शरणम्माला स्वतःचाच आवाज परका वाटायला लागला. मालक जेवायला गेलेले. आत ती आणि कंपोझिटर महिपती, दोघंच.

टिंब-कॉमासकट तिनं कॉपी मोठ्यानं वाचायची आणि महिपतीनं प्रूफ ताडून बघायचं, ही तिथली रीत. चिन्ह ऐकलं की तो पेन्सिल टेकवून म्हणायचा, ‘फुडं?’

आजची कॉपी तिच्या नवऱ्याविषयीचीच होती. दोन वर्षांमागं सिद्धाराम भीमेच्या पुरात गेला, पण प्रेत काही हाती लागलं नाही. तेव्हापासून छापखान्यातल्या त्याच्या स्टुलावर ती बसायची, कपाळावर ठसठशीत कुंकू लावून. सकाळी दीर रुद्रप्पा ही दुःखाची पत्रिका देऊन गेला होता. ‘वैनी, किती दिस वाट बघायची?’ म्हणाला.

तिनं वाचलं, ‘सिद्धाराम बसलिंगप्पा हे लिंगैक्य झाले...’

पुढचं टिंब काही तोंडातून येईना. एवढं टिंब दिलं की माणूस गेलाच म्हणायचा. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

महिपतीनं मान वर न करता पेन्सिल टेकवली. ‘चुक्की. बरं. फुडं?’

‘मी कुटं काय बोलले, अण्णा?’

‘आत्ता म्हणाला की तुमी. चुक्की. ऐकलं की मी.’

शरणम्मानं कॉपी खाली ठेवली. ती मंगळवेढ्याची, महिपती मोडनिंबचा. दोघंही टिंब म्हणणारे. मालकांचा फुलस्टॉप. टिंबाला कानडीत चुक्की म्हणणारा अख्ख्या छापखान्यात एकच होता, अक्कलकोटाकडचा, आणि त्यावरून सगळे त्याची टिंगल करायचे.

महिपतीच्याही ते ध्यानात आलं. तो पेन्सिल ठेवून हळूच उठून उभा राहिला.

शरणम्माला भीती वाटली, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. दोन वर्षांनी सिद्धाराम बोलला, आणि तिलाच तेवढं ऐकू आलं नव्हतं.

तिनं पदरानं कपाळावरचं कुंकू पुसलं. ‘राहू द्या ती चुक्की, अण्णा. त्यांचीच हाय.’

मग अक्षरांच्या खिळ्यांचे खण ठेवलेल्या लाकडी घोड्यामागच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडं वळून तिनं हलकेच विचारलं, ‘फुडं?’

नेमकी तेवढ्यात लाईट आली आणि मशीन धडधडायला लागलं.