खिशातला गुलाल

जोतिबाहून परतलेल्या विजयसिंहानं सदरा धुण्यात टाकला. खिशातली गुलालाची पुडी तशीच राहिली. त्याच्या बायकोनं, पूर्णिमानं, खिसे न तपासताच वॉशिंग मशीन लावलं. झाकण उघडून तिनं सासूचं लुगडं बाहेर ओढलं. नवरा वारल्यापासून सासू चिमणाबाई पांढरीच लुगडी नेसत, आणि ती सगळी गुलाबी झाली होती. चिमणाबाई मागंच उभ्या होत्या. “आत्ती, परत गरम पाण्यात फिरवते, रंग जाईल,” म्हणत पूर्णिमानं बटण दाबलं. चिमणाबाईंनी प्लगच उपसला. “देवाचा गुलाल हाय. काढायचा न्हाय.” “पण लोक काय म्हणतील?” “लुगडी लोकांची हायत व्हय?” संध्याकाळी त्यातलंच एक नेसून त्या डेअरीवर दूध घालायला गेल्या. मापावर बसलेले तवनाप्पा बघतच राहिले. “वैनी, ह्या वयात गुलाबी रंग?” “जोतिबाला इचारा,” चिमणाबाईंनी किटली पुढं सरकवली. “आण्णा, आधी दूध मापा की.”