ओहोळापलीकडची कारवाई

"आमचे दोन कोंबरे आधी परत द्या, मंग सुपारी फुटंल," गंगुबाई म्हणाल्या.

"कोंबरे शिजले," धोंडीबा म्हणाले. "आता ते कुठून आनू?"

गंगुबाईंची नात करिश्मा आणि धोंडीबांचा नातू हर्षित सोफ्याच्या दोन टोकांना बसून एकमेकांकडे पाहत होते. मधल्या टीपॉयवर तबक होते. तबकात सुपारी, नारळ आणि साखरेची वाटी. सुपारी फुटली की सोयरीक पक्की; पण कोंबड्यांच्या भांडणामुळे ती दुपारपासून अडली होती.

मानपाड्याच्या पलीकडे जांभूळघर नावाची दोन गावे आहेत. करिश्मा जांभूळघर खुर्दची, हर्षित जांभूळघर बुद्रुकचा. दोन्ही गावे महानगरपालिकेत गेली, शेतांवर इमारती आल्या. मधला ओहोळ तेवढा जागेवर राहिला, आणि त्याच्या दोन्ही काठांवरची माणसेही.

"तुमचे कोंबरे ओहोळ ओलांडून येतात, आमच्या वाळवनात चोची मारतात," धोंडीबा म्हणाले. "धरायला गेलो की उडून तुमच्या हद्दीत! वर तुम्ही त्यांना दाने टाकता!"

"माझे कोंबरे. दाने टाकीन, नाय तर पेढे भरवीन. पन न इचारता आमच्या परसात पोरा घुसवलीत तुम्ही. सोयरीक करताय का धाड घालताय? आधी चुकलो म्हना."

"बुद्रुकचा धोंडीबा चुकत नाय."

"मंग बुद्रुकच्या धोंडीबाचा नातू बिनलग्नाचा ऱ्हाईल."

हर्षितने खाली पाहिले. करिश्माने आजीकडे पाहिले. आजीने पाहिले नाही.

हे स्थळ जुळवून आणणारे देवराम, म्हणजे हर्षितचे खोपटचे मामा, तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले शिक्षक होते; बैठक त्यांच्याच घरी होती. काहीच सुचेनासे झाले की बातम्या पाहाव्यात, असा त्यांचा रिवाज होता. त्यांनी रिमोट उचलून आवाज वाढवला.

"…सीमा ओलांडून कुर्द बंडखोरांच्या ठाण्यांवर पुन्हा हल्ले," निवेदिका सांगत होती. "या कारवाईमुळे मित्रराष्ट्रांत तीव्र नाराजी…"

धोंडीबांचा डावा कान पूर्वीच गेला होता. उजव्याला जे आले ते त्यांनी घेतले. ते ताडकन उठले.

"खुर्दवर हल्ला? पुन्यांदा? कोनी केला?"

"तुर्कांनी," देवराम पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

"कंच्या तरन्या तुर्कांनी? आपल्याच पोरांनी ना?" धोंडीबांनी कोपऱ्यातली काठी उचलली. "अरे, कोंबऱ्यांच्या वेळी मी पाठवलेली, ती माझी चूक झाली! आता कोनी पाठवली? परत ओहोळ ओलांडू नका म्हनून सांगितलेला मी! खुर्दवाले आपले सोयरे हायेत आता! हर्षित, गाडी काढ!"

हर्षित घाईने म्हणाला, "अहो आजोबा, खुर्द नाही, कुर्द. ते तिकडे सिरि—"

पुढचे अक्षर त्याच्या तोंडातच राहिले. करिश्मा सोफ्याच्या त्या टोकावरून या टोकाला कधी आली ते कोणाला कळले नाही. परंतु तिची टाच हर्षितच्या अंगठ्यावर होती.

गंगुबाईंचे दोन्ही कान शाबूत होते. बातमी त्यांना नीट ऐकू आली होती. त्या सावकाश उठल्या आणि धोंडीबांच्या समोर, उजव्या कानाच्या बाजूला, येऊन उभ्या राहिल्या.

"काय बोललात? जरा मोठ्यानं बोला."

"खुर्दवर हात टाकील त्याची…"

"त्याच्या आधी. चूक कोनाची म्हनालात?"

"माझी. मंग काय! पन ह्या वेळी मी नाय पाठवली हो, आईशपथ."

"आनि आम्ही कोन लागतो तुमचे?"

"सोयरे! आनि कोन?" धोंडीबा वैतागले. "इकडं गावावर धाड पडलीय आनि तुम्हाला नाती पुसायची सुचतात?"

"करिश्मा," गंगुबाई म्हणाल्या, "दगड आन. बातम्या काय त्या मागाहून समजवा त्यांना."

सुपारी एका घावात फुटली. गंगुबाईंनी साखरेची चिमूट धोंडीबांच्या तोंडात घातली तेव्हा काठी अजून त्यांच्या हातातच होती.

मग देवरामांनी त्यांना उजव्या बाजूने सगळे नीट समजावले. कुर्द म्हणजे खुर्द नव्हे. तुर्कस्तान आणि अमेरिका एकाच आघाडीतले, एका अर्थी सोयरेच. तुर्कस्तान ज्या कुर्दांना वैरी म्हणतो, त्यांच्यातल्याच काहींना अमेरिकेने हत्यारे दिली. म्हणून पहिला सीमा ओलांडतो, दुसरा रुसतो, आणि पुन्हा दोघे एकाच टेबलाभोवती बसतात.

साखर चघळत धोंडीबांनी सगळे ऐकून घेतले. आपली फजिती झाली हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी गंगुबाईंकडे पाहिले. गंगुबाई पदराआड हसत होत्या. मग तेही हसले, इतके की त्यांना ठसका लागला आणि हर्षितला पाणी आणायला धावावे लागले.

"शब्द गेला तो गेला," पाणी पिऊन ते म्हणाले. "लग्नाला कोंबरे मात्र आमच्याकडून."

दूरदर्शन संच चालूच होता. पडद्यावर धुळीच्या रस्त्याने एक बाई कडेवर मूल घेऊन चालली होती. धोंडीबा थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी काठी कोपऱ्यात ठेवली.

"देवराम," त्यांनी विचारले, "त्यांच्यात सुपारी फोडनारी म्हातारी नाय का रे कोनी?"