पिठाचा डबा

लिफ्टचं दार वाजलं आणि पोळ्या लाटणाऱ्या अनुजाचा हात लाटण्यासकट पिठाच्या डब्याकडे वळला. लहानपणी डिलाईल रोडच्या चाळीत जिन्यावर बाबांची अडखळती पावलं वाजली की ती लाटणं असंच पिठात खुपसायची, म्हणजे आईला निदान त्याचा मार बसायचा नाही. बाबांना जाऊन वर्षं झाली. नवरा, हेरंब, कधी आवाजही चढवत नसे. तरी रोज संध्याकाळी हेच व्हायचं. तिचं अंग अजून त्या जिन्याकडेच कान लावून होतं. आज तिने दात आवळून लाटणं पोळपाटावर ठेवलं. लॅचमध्ये किल्ली फिरली. शेजारी स्टुलावर उभी राहून कणकेची चिमणी करणारी पाच वर्षांची मनू आईच्या तोंडाकडे बघत होती. मनूनेच लाटणं उचललं, पिठात खुपसलं, झाकण लावलं. "मने, काय लपवलंस?" हेरंबने हसत विचारलं. मनू डब्यासमोर सरकली. "काही नाही, बाबा."