माप न लागलेली राई

नगरपंचायतीच्या भिंतीवर नवा विकास आराखडा लावला होता. कारकून बाईंनी त्यावर देवराई दाखवली, तशा भिवा गुरवाने सवयीने वहाणा काढल्या. नदी निळी होती, शेतं हिरवी. राई तेवढी पिवळी.

"पिवळं म्हणजे?"

"घरं, काका. प्लॉट पडणार. हरकतीचा आज शेवटचा दिवस. राईचा मोजणी नकाशा जोडा, राखीव ठेवायला सांगू."

नकाशा नव्हता. तीस वर्षांपूर्वी मोजणीवाले साखळी घेऊन आले, तेव्हा गुरवच वाटेत आडवा झाला होता. देवाच्या जागेला माणसानं माप लावायचं नाही, ही गावाची रीत. ते बिचारे नारळ ठेवून परत फिरले. राई वाचवली म्हणून गावाने त्याला फेटा बांधला.

बाईंनी जुनी फाइल काढून वाचली. "ग्रामस्थांनी मोजणी करू दिली नाही. सबब, राईची नोंद न घेता जागा पडीक धरावी."

खाली साक्षीला एकच अंगठा होता, मधोमध कोयत्याचा वण असलेला. बाईंनी हरकतीच्या अर्जासाठी शाईचं पॅड पुढे सरकवलं. गुरवाने वणाचा अंगठा आत घेऊन मूठ मिटली.