निम्म्या भाड्याचा हॉल

"पोरीचं लग्न याच हॉलमध्ये, आणि तेही निम्म्या भाड्यात! नाही जमवलं तर मिशा काढीन," असं बायकोला बजावून फ्रेमवाला हॉलच्या ऑफिसात शिरला. बाहेर आला तेव्हा मिशांवरून हात फिरवत होता.

"जमलं?" बायकोने विचारलं.

"जमलं. फक्त कोणीतरी मेलं पाहिजे."

हॉलचे दर दोन होते. लग्नाला पूर्ण, शोकसभेला निम्मा. फ्रेमवाल्याला हे ठाऊक होतं, कारण शोकसभांचे मोठाले फोटो त्याच्याच दुकानातून त्या दारात जायचे. मॅनेजरच्या अटी दोनच. गेलेल्या माणसाचा फोटो दारात हवा, आणि शोक दिसला पाहिजे. मागे कोणीतरी शोकसभा म्हणून वाढदिवस उरकला होता. तेव्हापासून मॅनेजर डोळ्यांत तेल घालून दारात उभा राही.

"आणि मुलाकडचे दारातला फोटो बघून काय म्हणतील?"

"म्हणतील काय? सांगायचं, हॉलच्या मालकाची मुलगी आहे, गेली बिचारी. मॅनेजरला सांगायचं, माझी भाची. तिची शेवटची इच्छाच होती, सगळ्यांनी नटूनथटून यावं, बँड वाजावा. मेलेल्या माणसाला कोण नाही म्हणतंय?"

स्थळ चांगलं होतं. मुलगा एकुलता एक, नोकरी पक्की, मागणं काही नाही. उलट घाई त्यांनाच. होणाऱ्या व्याह्यांना पहिल्यांदा पाहून फ्रेमवाला म्हणाला होता, "तुम्हाला कुठेतरी पाहिलंय." व्याही म्हणाले, "चेहराच तसलाय माझा. सगळ्यांना ओळखीचा वाटतो." आणि विहीणबाईंनी तर पोरीच्या हातात हिरव्या खड्यांची कानातली ठेवली होती. "घरातलीच आहेत हो. जपून वापर."

दुकानाच्या माळ्यावर न नेलेल्या फोटोंची चळत होती. लोक रडत रडत ऑर्डर देतात आणि रडू ओसरलं की न्यायला फिरकत नाहीत. फ्रेमवाला माळ्यावर चढला. बायकोने खाली शिडी धरली. एक आजोबा निघाले, ते इतके चिडलेले की त्यांना जणू फोटोग्राफरनेच मारलं होतं. एक आजीबाई अशा बघत होत्या की जेवण घशाखाली उतरलं नसतं. मग एक तरुण बाई निघाली. छान हसत होती.

"शुभकार्याला असाच चेहरा हवा!"

"कोणाची लेक असेल हो?" खालून बायको म्हणाली.

"कोणाची का असेना. कोपरे बघायला हवेस तू! केस शिरायचा नाही त्या सांध्यात."

फोटोतलं माणूस त्याने उभ्या जन्मात नीट पाहिलं नव्हतं. त्याची नजर कायम चौकटीवर. त्याने फोटो तिथेच कागदात गुंडाळला.

लग्नाच्या दिवशी फोटो दारात उभा राहिला. पुढे पांढरी फुलं. बायको लाजेने त्याच्याकडे पाठ करून उभी. आत बँड वाजत होता आणि पाहुणे खिदळत होते. मॅनेजर दोनदा आत डोकावून आला.

"साहेब, ही शोकसभा?"

"शेवटची इच्छा हो तिची."

"आणि ती नटून बसलेली मुलगी कोण?"

"मैत्रीण. धक्का बसलाय तिला."

"धक्का बसलेलं माणूस सेल्फी काढत नाही, साहेब. एकाच्याही डोळ्यांत पाणी नाही. मी पूर्ण भाडं लावतोय."

फ्रेमवाल्याने बायकोच्या कानात सांगितलं, "रड."

"येत नाहीये."

त्याने चिमटा काढला.

"चिमटे कसले काढताय? पोरीचं लग्न आहे की नाही आज!"

मॅनेजरने पावतीपुस्तक उघडलं आणि पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात मुलाकडची गाडी आली. नवरामुलगा हसत उतरला, दारापर्यंत हसत आला आणि फोटोसमोर थबकला. मग खाली बसला. फ्रेमला मिठी मारून त्याने असा हंबरडा फोडला की आतला बँड बंद पडला.

"मी नको म्हणत होतो गं! आईच म्हणाली, पहिली बायको होती हे सांगायचंच कशाला! म्हणाली, विसरशील!"

"ऊठ आधी! लोक बघतायत," विहीणबाई दात आवळून म्हणाल्या.

त्यांच्यामागे व्याही खाली मान घालून उभे होते, आणि आता फ्रेमवाल्याला आठवलं कुठे पाहिलं होतं ते. दुकानात. काउंटरवर डोकं टेकून हा माणूस रडत होता. "मोठा करा. आमच्या सुनेला हसताना सगळ्यांनी बघू दे," म्हणत होता.

आवाज ऐकून पोरगी बाहेर आली. फोटो बघत राहिली. फोटोतल्या बाईच्या कानांत हिरवे खडे होते. पोरीचा हात आपल्या कानाकडे गेला. तिने एक कानातलं काढलं, मग दुसरं, आणि दोन्ही फ्रेमपुढच्या फुलांत ठेवली.

"बाबा," ती म्हणाली, "फोटो तुम्हीच केलात ना हा?"

आता बायकोला रडू आलं, आणि आवरेना. तिचं बघून आत्या रडल्या, मावशा रडल्या. बँडवाल्यांनी टोप्या काढल्या. हॉलमध्ये सगळे उठून उभे राहिले.

मॅनेजरने डोळे पुसले आणि फ्रेमवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"माफ करा साहेब, मी उगाच शंका घेतली," तो म्हणाला आणि त्याने निम्म्या भाड्याची पावती फाडली.