तिसरी वायर

भरदुपारी हिलाल मिस्त्रीच्या धुळ्यातल्या गॅरेजात शालिग्राम आबांची जुनी मोटार धडधडत उभी होती. चारांतला एक सिलिंडर दगा देत होता. आबा स्टिअरिंगवर बसून कापसाच्या गोष्टी सांगत होते.

हिलालची रीत ठरलेली. हाताला फडकं गुंडाळायचं आणि चालू इंजिनात एकेका प्लगची वायर उपसायची. इंजिन अडखळलं तर तो प्लग चांगला. काहीच फरक पडला नाही तर तोच मेलेला.

पहिली उपसली, इंजिन अडखळलं. दुसरीलाही तसंच. तिसरी उपसली, तर इंजिनाला पत्ताच नाही.

“यंदा बठ्ठा कापूस शिरपूरले...” आबा मध्येच थांबले.

हिलालनं बॉनेटआडून पाहिलं. आबांचं तोंड उघडं होतं. पापणी हलत नव्हती, छातीही नाही. त्यानं घाईघाईनं वायर बसवली.

“...दिधा,” आबा म्हणाले.

खात्री करायला त्यानं ती पुन्हा उपसली. आबा हसता हसता तसेच राहिले. वायर कशीबशी बसली.

“आबा, गाडी शे तशी ऱ्हाऊ द्या. मी हात लावत नई.”

“बरं,” आबा म्हणाले. “मग मीच बंद करस. पेट्रोल फुकट जळी ऱ्हायनं.”

आणि त्यांनी किल्लीकडे हात नेला.